बिनक्लचची फार्गो

४ मे २०२५, रविवार

सुरभीच्या कंपनीत नव्या वर्षाला डायऱ्या वाटल्या. त्यातली एक तिनं जानेवारीतच मला दिली होती. आई गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही बाबा, निदान लिहा तरी, असं म्हणाली. चार महिने मी डायरीत कुणाच्या गाडीचं ऑईल कधी बदललं ते लिहिलं. आज पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही घडलंय, आणि ते डोकं फिरवणारं आहे.

रविवार असूनही रोह्यातलं माझं गॅरेज उघडून बसलो होतो. घरी बसून काय करायचं? साडेदहाच्या सुमारास स्टेशनकडून रिक्षा आली. त्यातून पन्नाशी ओलांडलेली एक बाई उतरली. हातात काठी, डावा पाय ताठ, गुडघ्यात वाकत नव्हता. मला खालून वर न्याहाळून म्हणाली, "हरेश मिस्त्री तूच ना?"

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला अनोळखी बाई तू म्हणते. मी म्हटलं, हो, काय काम आहे?

"फार्गोचा क्लच काढायचाय."

मला वाटलं क्लचप्लेट बदलायची असेल. म्हटलं, मंगळवारी गाडी आणा.

"बदलायचा नाय. काढायचा. कायमचा."

मग तिनं सांगितलं. नाव कृष्णाबाई म्हात्रे, कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली. घरी जुना फार्गो ट्रक आहे. नवरा कान्हू बारा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ट्रक हीच चालवायची. आधी मिठागराचं मीठ, मग हमरापूरच्या गणपतीच्या मूर्ती. दोन वर्षांपूर्वी ट्रकच्या पायरीवरून घसरली, गुडघ्याचा चुरा झाला. क्लच दाबता येत नाही. म्हणून गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा.

मी चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय. मी तिला सरळ सांगितलं की ट्रकचा गिअर हातानं टाकायचा असतो, ऑटोमॅटिक म्हणजे पाळण्यात बसून झोके घेणं, आणि असलं काम मी केलेलं नाही, करणारही नाही. तिनं शांतपणे ऐकलं. चहा प्यायली. जाताना माझा फोन नंबर मागितला. मी तो दिला. का दिला, ते कळत नाही.

११ मे, रविवार

बाईनं फोन केलाच नाही. सरळ ट्रकच आणून उभा केला, टेम्पोला दोरखंडानं बांधून. सोबत तिचा दीर पोपट म्हात्रे. अंगानं आडवा, मिशीवाला, पण बोलायला मऊ.

गाडी चौसष्ट सालची. गोल नाक, मोठे दिवे, लाकडी हौदा. मूळचं पेट्रोल इंजिन जाऊन कधीच सहा सिलिंडरचं डिझेल बसलेलं. मिठात राबून चासी नुसती चाळण झाली असेल अशी माझी खात्री होती. खाली सरपटत गेलो, तर चासीला एक भोक नाही. दर पावसाळ्याआधी बाई स्वतः खाली झोपून काळं ऑईल लावायची म्हणे. मी बाहेर आलो तेव्हा आठवडाभर तयार ठेवलेला नकार कुठे गेला, मलाच सापडेना.

मग पोपट बोलला. गाडी त्याच्या वडिलांची, कागदावर आता त्याचं नाव. खांबला हायवेवर एक नवं हॉटेल होतंय. त्यांना जुना ट्रक हवाय, दारात उभा करायला. इंजिन काढून टाकणार, आत दिवे लावणार, गिऱ्हाइकं फोटो काढणार. पोपटनं त्यांना जवळजवळ हो म्हटलंय. वहिनीशी भांडण नको म्हणून त्यानं एक अट घातली. यंदाचे गणपती तिनं हमरापूरला भरायचे, हायवेनं सुकेळी खिंड चढून-उतरून खांब, कोलाड करत रोह्याला पोचवायचे. स्वतः चालवत. ओढायला दुसरी गाडी नाही की ढकलायला माणसं नाहीत. जमलं तर ट्रक तिचा. नाही तर हॉटेलचा.

मी पोपटला म्हटलं, त्या गाडीला दिवे लावून उभं करणं म्हणजे पाप आहे. म्हटलं आणि अडकलो. बाई म्हणाली, "मग घे काम."

१७ मे, शनिवार

तळोज्याच्या भंगार बाजारात गेलो. बाई कासूला ट्रेनमध्ये चढली. मी नको म्हटलं होतं.

चार दुकानं पालथी घातल्यावर हवा तसा गिअरबॉक्स मिळाला. विमानात जेवणाच्या पेट्या चढवणाऱ्या एका जुन्या गाडीचा. अशा गाडीला धक्का बसला तर रस्सा सांडेल, म्हणून ऑटोमॅटिक. चार गिअरचा, आणि मुख्य म्हणजे त्याला संगणक लागत नाही. ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल त्याला सांगते की पाय किती दाबलाय, त्यावरून तो आपला आपण गिअर बदलतो. क्लचच्या जागी तेलानं भरलेला लोखंडी भोपळा. इंजिन तेल फिरवतं, तेल गाडी फिरवतं. वाचलं होतं सगळं, हात कधी लावला नव्हता.

आतून कसा असेल ते सांगता येत नाही, असं मी बाईला बजावलं. ती म्हणाली, उघडल्याशिवाय कसं कळेल, घे.

परतीच्या गाडीत तिनं डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे असेल.

पेणला पासिंगच्या ऑफिसात अपंगांसाठी गाडीत बदल करायच्या परवानगीचा अर्ज करावा लागेल. सुरभीनं फॉर्म भरून द्यायचं कबूल केलंय.

१ जून, रविवार

गिअरबॉक्स उघडला. आतून लख्ख. देव आहे.

ट्रकचा जुना गिअरबॉक्स खाली उतरवला. बाई खुर्ची टाकून समोर बसली होती. दात झिजून गुळगुळीत झालेत, पण एकही तुटलेला नाही. असा गिअरबॉक्स मी पाहिला नाही. डबल क्लच मारून, म्हणजे दर गिअरला दोनदा क्लच दाबून गिअर टाकणाऱ्याचंच हे काम. मला फार वाईट वाटलं. बाईला विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही का? निम्मं आयुष्य हा दांडा हातात होता.

"मना गाडी चालवायची हाय, मिस्त्री. हात हलवायचे तर घरात जातं हाय."

मी हसलो. बराच वेळ हसलो. सुरभी डबा घेऊन आली होती, ती दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली.

१५ जून, रविवार

कासूला जाऊन आलो. सीटची उंची आणि बाईच्या उजव्या पायापासून ब्रेकपर्यंतचं अंतर मोजायचं होतं. फोनवर विचारलं असतं तरी चाललं असतं, असं सुरभीचं म्हणणं. तिला या कामातली अचूकता कळत नाही.

मोजायला दहा मिनिटं लागली. मग बाईनं बांधावरून मिठागर दाखवलं. आता निम्म्या वाफ्यांत कोळंबी आहे, निम्मे ओस. लग्न होऊन आली तेव्हा कान्हूनं याच बांधावर तिला ट्रक शिकवला. रिव्हर्स घेताना चुकलं तर सरळ खाडीत. पहिल्याच आठवड्यात तिनं मागचं चाक खाडीत घातलं होतं. कान्हू रागावला नाही. म्हणाला, आता खाडी किती खोल ती कळली ना. सांगताना ती हसत होती, आणि मग हसायची थांबली. मीही माझ्या बायकोबद्दल, नूतनबद्दल बोललो. तिला माझ्या हाताचा चहा आवडायचा, एवढंच सांगायला गेलो होतो, बरंच सांगून बसलो.

संध्याकाळची गाडी पकडून परत. सीटची मापं लिहिलेला कागद तिच्याकडेच राहिला. पुन्हा जावं लागेल.

२९ जून, रविवार

आज इंजिनाला नवा गिअरबॉक्स जोडून सुरू केला. दोघांच्या मध्ये बसवायची पोलादी प्लेट धाटावच्या आदर्शनं लेथवर करून दिली होती. आदर्शचा हात चांगला आहे. इंजिन सुरू झालं, मी खाली वाकून बघतोय तोवर लाल तेलाची धार. पाच मिनिटांत गॅरेजची जमीन अशी झाली की शेजारचा किराणावाला कुणाला लागलं का विचारत धावत आला.

तेल अडवणारं सील फाटलं. पुढचं सगळं परत खोलायचं. माझ्या वयाच्या माणसानं न येणारी कामं घेऊ नयेत. कोणी नसताना आरशात बघून हे मोठ्यानं बोललोसुद्धा.

३ जुलै, गुरुवार

प्लेटचं मधलं भोक केसभर बाजूला आहे. मी तावातावानं आदर्शकडे गेलो. त्यानं माझ्याच अक्षरातला कागद पुढे केला. माप मीच चुकीचं दिलं होतं. आदर्शनं फक्त चहा मागवला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईला फोन करून सांगितलं की चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. मग म्हणाली, "परत मोज. दोनदा मोज." आणि जेवलास का, विचारलं. मी जेवलो नव्हतो. मग जेवलो.

१३ जुलै, रविवार

चालली!

नवी प्लेट, नवं सील, थेंबभर तेल नाही. मागचा शाफ्ट चार बोटं कापून घेतला. दुपारी पाऊस थांबल्यावर गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी काढली. आधी मीच बसलो. दांडा पुढे ओढला, ब्रेक सोडला, आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी आपली आपण चालायला लागली. मी चाळीस वर्षांत इतका घाबरलो नाही. डावा पाय क्लच शोधत राहिला. सापडला तो ब्रेक, आणि मी स्टिअरिंगवर आपटलो. कपाळाला टेंगूळ आहे.

गिअर बदलताना गाढवानं लाथ मारावी तसा हिसका बसत होता. केबल दोन आट्यांनी सैल केली, मग गिअर कधी बदलला तेही कळेना.

मग कृष्णाबाई बसली. काठी मला धरायला दिली. ताठ पाय बाजूला सोडून दिला, उजवा पाय ठेवला आणि निघाली. एक फेरी मारून थांबेल असं वाटलं. अकरा फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आणि गाल ओले होते. मी काठी धरून चिखलात उभा.

खाली उतरल्यावर म्हणाली, "हरेशराव, तुम्ही गाडी झकास केलीत."

२१ जुलै, सोमवार

एक गोष्ट खटकते आहे. बाई आता मला तुम्ही म्हणते. त्या दिवसापासून. इतके दिवस मिस्त्री, अरे-तुरे. भंगारवाल्याला तू, आदर्शला तू, पोपटला तू, पोस्टमनला तू. एकट्या मला तुम्ही. माझं काही चुकलं का? तेल सांडलं त्याचा राग अजून मनात असेल का? आपुलकी संपली की माणसं अशी परक्यासारखी आदरानं बोलायला लागतात.

सुरभीला विचारलं. ती तोंडावर ओढणी धरून आत पळाली. या पिढीला गंभीर काही विचारायची सोय नाही.

३० जुलै, बुधवार

पेणला पासिंग झालं. परवानगीचा कागद आधी आलाच होता. डॉक्टरांचा दाखला, गाडीची तपासणी, बाईची चाचणी, सगळं एकाच दिवशी. तपासणारे साहेब तरुण होते, तिच्या शेजारी बसले. चढावर थांबवून परत निघायला सांगितलं. साध्या गाडीला इथे क्लच आणि ब्रेकची कसरत, ट्रक हातभर मागे येतोच. ही बोटभरही मागे आली नाही. साहेब खाली उतरून मला म्हणाले की गाडी मस्त झाली, पण ड्रायव्हर त्याहून मस्त आहे. मला बरं वाटलं. का, ते लिहून ठेवत नाही, कारण मला नक्की सांगता येणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस.

हौद्यात वाळूची पोती भरून भिसे खिंडीत चाचणी घेतली. बाई चालवत होती, मी शेजारी, पोपट मागून मोटारसायकलवर. चढ निम्मा झाला आणि गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता दाखवणारा काटा लाल पट्ट्यात. मी थांबवायला सांगेपर्यंत खालून धूर. तेल उकळून बाहेर आलेलं, वास सगळ्या खिंडीत.

पोपट आला, धूर बघितला. ओरडला नाही. फक्त म्हणाला, बस झालं वहिनी.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, पोपट म्हणतो ते खरं असेल कदाचित. चौदा दिवस राहिलेत. उगाच भरल्या गाडीनं सुकेळीला काही व्हायला नको.

कृष्णाबाई माझ्याकडे बघत राहिली. "पोपट भितो ते मना कळतं. तुम्ही पण?" एवढंच. मग पोपटच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेली, ताठ पाय बाहेर काढून. ट्रक गार होईपर्यंत मी तिथेच थांबलो आणि हळूहळू उतरणीनं परत आणला.

११ ऑगस्ट, सोमवार

सुरभीला सकाळी सगळं सांगितलं. ती कंपनीत केमिस्ट आहे. तिनं तेल गार करणारी जाळी कुठे बसवली ते विचारलं. मी म्हटलं, रेडिएटरच्या मागे, तिथेच जागा होती. ती म्हणाली, बाबा, म्हणजे रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेनं तुम्ही तेल गार करताय. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरानं असं केलं तर त्याला घरी पाठवतात.

चाळीस वर्षं! मी माझ्या मुलीला चहा करून दिला आणि कामाला लागलो. मोठी जाळी, रेडिएटरच्या पुढे, नाकाच्या जाळीला लागून, वेगळा पंखा लावून. तेलही सगळं नवीन.

१६ ऑगस्ट, शनिवार

कृष्णाबाईला चार वेळा फोन केला, उचलला नाही. म्हणून कासूला गेलो. ती अंगणात मासे साफ करत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं की चूक गाडीची नव्हती, माझी होती, आणि ती दुरुस्त केली आहे. शिवाय त्या दिवशी जे बोललो तेही चूक होतं. मी घाबरलो होतो, पण गाडीसाठी नाही.

"मग कशासाठी?"

मी म्हटलं, तुम्ही परत पडू नये म्हणून.

तिनं मान खाली घालून एक मासा साफ केला, मग दुसरा. मग म्हणाली, बसा, कालवण झालं की जेवून जा.

माझी बाजू तिला पटली असावी.

२४ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहून ठेवतो.

सकाळी सातला हमरापूर. निकेशच्या कारखान्यातून दरवर्षी बाईच मूर्ती न्यायची. निकेश सरळ माणूस आहे. त्यानं स्पष्ट सांगितलं की पेंढ्यात बांधून देतो, पण ट्रक नवा झालाय, माझं मन धजत नाही. दर वर्षी हिसक्यांनी दोन-चार बोटं, एखादी सोंड जायचीच, त्यासाठी तो सोबत शाडू आणि रंगाची डबी द्यायचा. यंदा त्यानं दोन डब्या दिल्या. बत्तीस मूर्ती चढल्या.

बाई चालवत होती, मी शेजारी, पोपट मोटारसायकलवर मागे. पेणच्या नाक्यावर पुढचा टेम्पो एकदम थांबला, हिनं असा ब्रेक लावला की मागे पेंढासुद्धा सरकला नसेल. कासूच्या फाट्यावर तिच्या गावची माणसं हात करायला उभी होती. नागोठण्यापर्यंत काटा जागचा हलला नाही. मला वाटलं झालं आता.

सुकेळीच्या चढाला काटा वर निघाला. हळूहळू, पण निघाला. पुढे कंटेनर रांगत होते, त्यांच्यामागे आम्ही, पंख्याला नुसती गरम हवा. निम्म्या चढावर काटा लाल पट्ट्याच्या बोटभर खाली. मी म्हटलं, बाजूला घ्या.

"थांबले तर पोपट म्हणेल हरली."

मी म्हटलं, थांबणं अटीत नव्हतं. ओढणं आणि ढकलणं होतं. पण गाडी तुमची आहे, ठरवा तुम्ही.

ती पंचवीस-तीस फूट तशीच गेली. तेवढं अंतर मी विसरणार नाही. मग दिवा लावून तिनं ट्रक कडेला घेतला आणि उभा केला.

पोपट येऊन खिडकीशी थांबला. मी भांडायच्या तयारीत होतो. तो मागे गेला, हौद्यात चढून पेंढा उचकटून बघितला, परत आला. "एक पण हलली नाय," असं स्वतःशीच म्हणाला. मग वहिनीकडे बघून बोलला. मूळ शब्द असे होते, "वहिनी, दोन वर्षांपूर्वी तुला पावसात उचलून नेलं ते मी. परत तसं झालं तर दादाला काय तोंड दाखवू? म्हणून गाडी द्यायला निघालो होतो. बाकी काय नाय."

बाई म्हणाली, मना माहीत होतं रे.

पोपटनं डोळे पुसले. खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ट्रकच्या मागे रस्त्यात जाऊन उभा राहिला. वीस मिनिटं तो मागून येणाऱ्या गाड्यांना टॉवेल दाखवून बाजूनं काढत होता. वीस मिनिटांत काटा खाली आला. चढाचा राहिलेला भाग आम्ही आरामात पार केला.

उताराची मला खरी भीती होती. भरलेला ट्रक, ऑटोमॅटिकला सोडून दिलं तर पळत सुटतो. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं आधीच दांडा खालच्या गिअरला ओढला होता. इंजिननं आवाज चढवून गाडी रोखून धरली. पोपट मोटारसायकल पुढे काढून हॉर्न वाजवत वाट मोकळी करत चाललेला. वळणावर बाई म्हणाली, "तुमचा पाय कशाला नाचतोय?" मी खाली बघितलं. माझा डावा पाय जमिनीवर क्लच दाबत होता. उतार संपेपर्यंत तो थांबला नाही.

खांबला त्या हॉटेलच्या दारात पोपट थांबला, आत गेला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, सांगितलं त्यांना दुसरा ट्रक बघा. आम्ही तिथल्या तीन मूर्ती उतरवल्या, कोलाडला नऊ, बाकी रोह्यात. एका बोटाला ओरखडा नाही. निकेशच्या दोन्ही डब्या न उघडता परत जाणार.

संध्याकाळी सगळे माझ्या घरी चहाला. सुरभीनं कांदाभजी तळली. कृष्णाबाई आणि ती स्वयंपाकघरात काहीतरी बोलत हसत होत्या. पोपट माझ्याजवळ सरकून बसला, घसा साफ केला, आणि विचारलं, तुमच्या घरात मोठं कोण हाय? मी म्हटलं, थोरला भाऊ, बाबाजीदादा, महाडला असतो. तर पोपट म्हणाला त्यांचा नंबर द्या, जरा बोलायचंय. वहिनीनं विचारायला सांगितलंय.

मी म्हटलं, दादाला गाडीतलं काही कळत नाही. तो शाळामास्तर होता. त्याला साधी सायकलची चेन बसवता येत नाही.

पोपट म्हणाला, असू दे, असू दे.

नंबर दिला. आतून सुरभीच्या हातातला झारा खाली पडल्याचा आणि पाठोपाठ तिच्या हसण्याचा आवाज आला. पाहुण्यांसमोर इतकं मोठ्यानं हसणं बरं नव्हे, असं तिला नंतर सांगितलं पाहिजे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दीड दिवसाचे गणपती गेले. आज सकाळी बाबाजीदादाचा फोन. आधी नेहमीप्रमाणे प्रकृती, पाऊस, पोरांची नोकरी. मग म्हणाला, माणसं चांगली वाटली रे हरेश. आमच्याकडून काही हरकत नाही. तुझं काय म्हणणं आहे?

मी म्हटलं, गाडी उत्तम चालते आहे.

मग वर्गात मंद मुलाशी बोलायचा तसा, एकेक शब्द सुटा करून त्यानं मला सगळं सांगितलं.

फोन ठेवून मी गॅरेजात स्टुलावर बसलो. एक गिऱ्हाईक येऊन ब्रेकचं काहीतरी सांगून गेलं, ते आठवत नाही. जेवायला घरी आलो तेव्हा सुरभीला विचारलं की तुला हे कधीपासून माहीत होतं? म्हणाली, तुम्ही हसलात त्या दिवसापासून. आणि तुला चालेल का? ती उठून माझ्याजवळ आली आणि लहानपणी टेकवायची तसं डोकं माझ्या खांद्याला टेकवून बसली. मग म्हणाली, कृष्णामावशींनी मला आधीच विचारलंय बाबा. तुमच्याही आधी.

चार वाजता मी कृष्णाबाईला फोन केला.

"बोला," ती म्हणाली.

काय बोलायचं ते ठरवून कागदावर लिहून घेतलं होतं. कागद हातात होता, वाचता येईना. म्हटलं, दादाचा फोन आला होता.

"मग?"

"मग हो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, आधीच सांगते, मी कासू सोडणार नाय, आणि गाडी मीच चालवणार. मी म्हटलं, गाडीचा प्रश्नच नाही, पण मीही गॅरेज सोडणार नाही. चाळीस वर्षांचं गॅरेज आहे.

"सोडा कोण म्हणतंय? ट्रेन हाय ना. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं."

मी म्हटलं, कामाच्या नादात संध्याकाळची ट्रेन माझी नेहमी चुकेल.

"चुकू दे," ती म्हणाली. "मी येईन न्यायला."